कार्यकर्त्या वडिलांसोबत वारी: तक्रार कुठे करायची, कधी, कशी

चळवळीत आयुष्य घातलेल्या बापासोबत आळंदी ते पंढरपूर चालायचं तर पाय आणि जीभ दोन्ही सांभाळावे लागतात. पायांचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. अंतर साधारण २५० किलोमीटर. दिंडीत महिनाभर आधी नाव घाला, भिशी, म्हणजे जेवणाखाणाची वर्गणी, भरा, आणि हे बाबांच्या समोर बसून करा. ‘बघू, त्या सुमारास एक बैठक आहे’ याचा अर्थ कार्यकर्त्याच्या पोरांना वेगळा सांगायला नको. सामान ट्रकमधून पुढे जातं. अंगावर पाण्याची बाटली, औषधं आणि पावसाचा कागद एवढंच ठेवायचं. निघायच्या आदल्या रात्री त्यांची शबनम तपासा. पत्रकांचा गठ्ठा असतोच. भिजला की दुप्पट जड होतो आणि दोनच दिवसांत तुमच्या खांद्यावर येतो.

पुण्यात दोन मुक्काम. तिथे मनातलं काही काढू नका. जुने साथी राहुटी शोधत येतात, चहा होतो, कुणाच्या तरी तारखेचा, जामिनाचा विषय निघतो आणि बाबा पुन्हा त्यांचे होतात. पहिल्या वर्षी सगळ्यांची हीच चूक होते: पहिल्याच मुक्कामी सगळं बोलून टाकायची घाई.

पुणे ते सासवड ही सगळ्यांत मोठी मजल, जवळपास ३२ किलोमीटर, वर दिवे घाट आणि बहुधा एकादशी. साखरेचा त्रास असेल तर उपवास करू देऊ नका. उपवास न मानणारे बाबाही वारीत लोकांना वाईट वाटू नये म्हणून धरतात. घाटात कुणाला दम नसतो, त्यामुळे भांडण होत नाही. सोबत चालायचा सराव इथेच होतो.

सासवडला पुन्हा दोन मुक्काम, म्हणजे डागडुजीचे. फोड येतात ते ओल्या मोज्यांनी आणि आत गेलेल्या खड्यांनी. मोजे दुपारी एकदा बदलायचे, बोटांमध्ये सकाळी व्हॅसलीन. फोड फोडायचाच असेल तर तापवून निवलेल्या सुईने कडेला टोचा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. मधुमेह असेल तर सुई लावायची नाही, थेट वैद्यकीय पथकाकडे. बाबांचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधायला दहा मिनिटं लागतात. मोर्च्यांनी घट्टे पडलेली टाच, अंगठ्याचं काळं नख, घोट्यावर जुना व्रण. तो कुठल्या लाठीमारातला, हे ते आपणहून सांगू लागतात. ऐका, पण ही गोष्ट तुम्हाला आधीच पाठ असते. त्यांना नसते ती तुमची.

आता जिभेचं. वारीत तक्रारीची रीत ठरलेली आहे. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळ-मृदंग चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने मात्र टाळ थांबवायचे नाहीत. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, टाळ थांबतात. मग हरवले-सापडल्याच्या सूचना आणि आरती.

मी घरातल्या बोलण्याला हीच रीत लावतो: दिवसाला एक तक्रार, आरतीनंतर, जेवणाआधी. तक्रार नेमकी हवी. ‘तुम्ही कधी घरी नव्हता’ हा आरोप झाला, आणि कार्यकर्त्याला आरोपांची सवय असते, तो लगेच बचावाचं भाषण सुरू करतो. ‘नववीत चारही वेळा प्रगतिपुस्तकावर मामाने सही केली’ ही तक्रार. तिला ‘त्या काळी सगळ्याच साथींच्या घरी तसं होतं’ हे उत्तर पुरत नाही. ते उत्तर येईलच. तेव्हा वाद घालायचा नाही, टाळ चालू ठेवायचे: ‘बाबा, मी सहीचं विचारतोय.’

वेळ निवडताना रेल्वेचाही विचार करा. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, सगळीकडे स्टेशन आहे. फोन आला की बाबा ‘उद्या परततो’ म्हणून सटकतात. फलटण सोडलं की पंढरपूरपर्यंत वाटेत स्टेशन नाही, आणि वारीत रस्ते वळवलेले असल्याने एसटीचाही भरवसा नसतो. मोठी तक्रार बरड ते नातेपुते या टप्प्यासाठी राखून ठेवा.

चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात लोक घोड्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. बाबा लावणार नाहीत. आग्रह करू नका, आणि ‘बघा, हे लावत नाहीत’ असं दिंडीत सांगूही नका. वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, याचा मात्र फायदा घ्या. ज्याला ‘बाबा’ म्हणताना घसा आवळतो, त्याला ‘माउली, पाणी?’ म्हणता येतं.

पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीच्या मुक्कामापर्यंत त्यांचीही एक तक्रार बाहेर येते. बहुधा अशी: तू एकदाही सभेला आला नाहीस. तेव्हा तुम्ही चोपदार. ऐकून घ्यायचं, लहानपणी किती सभांना ओढत नेलं होतं याचा हिशेब त्या संध्याकाळी काढायचा नाही.

पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत तासन् तास जातात. मुखदर्शनाची रांग त्या मानाने लवकर सरते. बाबांना दोन्हींत रस नसतो. त्यांना चोखोबांच्या समाधीपाशी जायचं असतं, आणि मग तनपुरे महाराजांच्या मठात, जिथे साने गुरुजींनी मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केलं. तिथे ते अर्धा तास बोलतील. बसून घ्या, पायांना बरं पडतं.

परतीची एसटी पौर्णिमेच्या काल्यानंतरची धरा. ७५ च्या पुढे असतील तर तिकीट लागत नाही, ६५ ते ७५ असेल तर अर्धं. आधार कार्ड तुमच्या खिशात ठेवा, नाहीतर ते कंडक्टरशी त्याच्या पगाराबद्दल बोलत बसतात आणि मागे रांग खोळंबते.