कट आणि कटाची आमटी

होळीच्या संध्याकाळी आमच्या परळच्या घरात दोन कट एकदम चालू होते. एक गॅसवर उकळत होता, दुसरा टीव्हीवर शिजत होता. मालिकेतले शिवाजी महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो दाढी कुरवाळत होते आणि सासूबाई पडद्यावरची नजर न काढता मला सांगत होत्या, "गोडा मसाला अजून अर्धा चमचा घाल गं." टीव्हीचा आवाज चाळीसवर. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

मालिकेतल्या राजवाड्यात कारस्थान करणं फारच सोपं. दालनात समया, झुळझुळीत पडदे, आणि मागे एक माणूस आरामात मावेल असे खांब. शिवाय मंडळी गुप्त मसलत अशा खणखणीत आवाजात करतात की देवडीवरच्या पहारेकऱ्यालाही तोंडपाठ व्हावी. प्रेमाचंही तेच. राजे-राणीसाहेब 'आपण' 'आपण' करत सज्जात उभे, दासी जणू गावाला गेलेल्या.

आम्ही लग्नानंतरची तीन वर्षं ह्याच जागी, जुन्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत काढली. पोटमाळ्यावर आम्ही, खाली सासूसासरे, मोरीला पाय लावून दीर. पहाटे साडेचारला नळ यायचा. पिंप भरण्याच्या आवाजात काय ते गुलुगुलू बोलून घ्यायचं. पिंप भरलं की संपलं. पुढचं उद्या.

खरं सांगायचं तर ह्या गोष्टीला मीठमसाला लागतच नाही. एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले आणि तीन आठवड्यांच्या आत रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं. पन्हाळ्यावरच्या संभाजीराजांना कैद करायला कारभारी निघाले, आणि त्या कारभाऱ्यांनाच धरलं कोणी? हंबीरराव मोहित्यांनी, म्हणजे सोयराबाईंच्या सख्ख्या भावानं! बहिणीचा मुलगा गादीवर असताना हा सरनोबत सवतीच्या मुलाच्या बाजूनं उभा राहिला. त्या रात्री मोहित्यांच्या घरी काय बोलणं झालं असेल, हे मला बघायचंय. त्याऐवजी एकाच चेहऱ्यावर तीनदा वीज कडाडते.

प्रेमाचं म्हणाल, तर संभाजीराजांच्या राणी येसूबाईंच्या शिक्क्यात 'श्री सखी राज्ञी जयति' अशी अक्षरं आहेत. राणीच्या आधी सखी, तेही सरकारी शिक्क्यात! आमच्याकडे लाइट बिलावरसुद्धा माझं नाव नाही. आणि १६८९ मध्ये नवरा गेल्यावर ही सखी मोगलांच्या कैदेत गेली, ती सुटून आली थेट १७१९ मध्ये. हे मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी आवाज बंद केला.

"म्हणजे तीस वर्षं?"

"जवळजवळ."

"आणि ही लोकं त्या खांबामागच्या बाईला चार दिवस दाखवतायत," म्हणाल्या, आणि आवाज परत चाळीसवर नेला.

तेवढ्यात हे आले. डबा ओट्यावर ठेवून आमटीत बोट बुडवायला लागले. वर तोफा धडधडत होत्या, तोच मोका साधून मी कानाशी जाऊन म्हटलं, "पुढच्या शनिवारी माथेरानला जाऊया का? दोघंच."

बाहेरून आवाज आला, "स्वेटर घ्या गं. रात्री गारठा असतो तिथे."

नजर पडद्यावरच होती.