इलेक्शनला गाव भरतं, ग्रामसभेलाच का रिकामं?

ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला आमच्या गावात पुण्या-मुंबईची पोरं गाड्या करून येतात, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीवर बसवून बूथवर आणलं जातं, एकेका मतासाठी दोन्ही पॅनेलची माणसं रात्र रात्र जागतात. आणि तेच गाव ग्रामसभेला येत नाही. मी सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, महिला राखीव वॉर्डातून निवडून आलेय, आणि ही गोष्ट मला मनापासून लागते म्हणून लिहितेय. मत पाच वर्षांतून एकदा देता येतं, पण आम्हाला जाब विचारायचा हक्क वर्षातून निदान चारदा मिळतोय आणि तो असाच वाया जातोय.

नियम काय आहे ते आधी सांगते कारण बऱ्याच जणांना माहितीच नसतं. ग्रामसभेचा कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी माणसं, ही गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे तीन-चार हजार मतदारांच्या गावातनं फक्त शंभर माणसं आली तरी झालं! तेवढीपण येत नाहीत. मग थोडा वेळ वाट बघायची, भाऊसाहेब रजिस्टरवर सह्या मोजणार (ग्रामसेवकांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण आमच्याकडं अजून भाऊसाहेबच), आणि सभा तहकूब. पुढच्या तारखेच्या तहकूब सभेला कोरम लागतच नाही, त्यामुळं पंचवीस-तीस माणसांत गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर होतो. वर त्या तहकूब सभेत मूळ नोटिशीवरचेच विषय घ्यायचे असतात, नवीन काही मांडता येत नाही. म्हणजे पहिल्या सभेला आपण घरी बसलो की आपला विषय तिथंच संपला.

गर्दी होते ती एकाच वेळी, घरकुलाची यादी वाचायची असली की. तेव्हा मारुतीच्या देवळापर्यंत माणसं उभी असतात, आवाज चढतात, आणि मला ते बरंच वाटतं खरं सांगायचं तर, कारण कुणाचं नाव यादीत का आलं आणि कुणाचं का राहिलं हे सगळ्यांसमोर सांगावं लागतं. अशी विचारपूस पाणीपट्टीला का नाही, गटारीला का नाही?

आता पैशाचं. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा (मार्च 2026 पर्यंतचा) आपल्या राज्यातला 80 टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना आणि 10-10 टक्के झेडपी आणि पंचायत समितीला असं ठरलं. पण आमच्या खात्यावर आलेला पैसा सगळा मनासारखा वापरता येत नव्हता. 60 टक्के बंधित होता, तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचा, आणि उरलेला 40 टक्के अबंधित. एका सभेत एका नानांनी मला उभं राहून विचारलं, "ताई, एवढा निधी आला म्हणताय, मग सभामंडपाला पैसं न्हाईत कसं ओ?" मी त्यांना सगळी फोड करून सांगितली, की नाना, यातले निम्म्याच्या वर पैसे मंडपाला लावताच येत नाहीत, ते पाणी आणि गटारीचेच आहेत. नाना म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलंच न्हाई." मग ते खाली बसले आणि बंदिस्त गटार कुठल्या गल्लीतनं आधी घ्यायची यावर त्यांनीच सगळ्यात जास्त वाद घातला. 2019 आणि 2021 ला खालच्या आळीत पुराचं पाणी आलं होतं, पूर ओसरल्यावर सुद्धा उघड्या गटारी तुंबून किती दिवस घाण होती हे नानांच्या घरानं सोसलंय, त्यामुळं त्यांचं म्हणणं ठराविक दहा घरांच्या म्हणण्यापेक्षा जास्त पटलं आणि ठरावात खालची आळी पहिली आली. नाना आले नसते तर वरच्या गल्लीचा कोपरा आधी झाला असता, तिकडची माणसं दर सभेला येतात म्हणून.

तसंच महिला ग्रामसभेचं. नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायचीच असा कायदा आहे आणि तिथं ठरलेलं मुख्य सभेपुढं ठेवायचं असतं. बऱ्याच गावांत घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतात आणि सभा झाली असं लिहून टाकतात. हे मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडं अंगणवाडीत बसून आम्ही खरी सभा घेतली, तेव्हा मळ्यातली एक काकी म्हणाल्या की एसटी स्टँडवरनं मळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक पण दिवा नाही, कॉलेजच्या पोरी शेवटच्या गाडीनं येतात, दोन्ही बाजूला ऊस, घरातनं कुणीतरी रोज बॅटरी घेऊन आणायला जावं लागतंय. गावातल्या एकाही पुरुषानं हा विषय कधी काढला नव्हता. तो मी मुख्य सभेत वाचून दाखवला, काकी स्वतः सूचक झाल्या, त्यांची जाऊ अनुमोदक झाली, आणि खांब उभे राहिले. काकींचं नाव आज प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात आहे!

म्हणून मी प्रत्येकाला हेच म्हणते, मला रस्त्यात गाठून सांगा, घरी येऊन सांगा, ग्रुपवर टाका, मी ऐकते, पण तेवढ्यावर काम होत नाही. जे प्रोसिडिंगला लिहिलं जातं त्यालाच पुढं किंमत असते. ठरावाचा नंबर आणि नक्कल हातात असली की पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांपुढं उभं राहून बोलता येतं, नाहीतर बघू म्हणून परत पाठवतात.

आणि हे मधल्या काळात जास्त गरजेचं का झालं होतं बघा. आपल्या देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1 मे 1962 ला महाराष्ट्रात झेडप्या सुरू झाल्या, माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, आपले आबा, यांचं राजकारण सांगली झेडपीचे सदस्य म्हणूनच सुरू झालं, त्याच झेडपीत मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. ओबीसी आरक्षणाची केस चालू होती, शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. तोपर्यंत शाळेच्या खोलीसाठी, उपकेंद्रासाठी फोन करायला आपला झेडपी सदस्यच नव्हता. लोकांनी निवडून दिलेलं आणि लोकांपुढं उत्तर देणारं असं गावात काय उरलं तर फक्त ग्रामपंचायत. स्वातंत्र्यलढ्यातलं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच भागात होतं, त्या न्यायदान मंडळांत गावची माणसं बसून गावचा निवाडा करत होती इंग्रज असताना, आणि आपल्याला स्वतःच्या गटारीच्या ठरावाला यायला जड जातंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

विरोधी पॅनेलच्या मंडळींनापण माझं हेच सांगणं आहे. बाहेर टपरीवर बसून आमचा हिशेब काढण्यापेक्षा आत या, जमाखर्च वाचून दाखवा म्हणून मागणी करा, तो तुमचा हक्क आहे आणि आम्हाला वाचावाच लागतो. गावचा आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर कुणीही मोबाईलवर बघू शकतंय, पुण्यात बसलेल्या पोरांनीपण. ते बघा, कुठं खटकलं ते लिहून काढा.

पुढची सभा 15 ऑगस्टची. आपल्याकडं झेंडावंदन झालं की माणसं पांगतात, शाळेतनं सरळ घरी, तर त्या दिवशी घरी न जाता थांबा. पाणीपट्टी वाढवायची का नाही आणि कचरा टाकायला जागा कुठली, हे दोन विषय नक्की येणार आहेत. तुमचा वेगळा विषय असेल तर नोटीस निघायच्या आधी साध्या कागदावर अर्ज लिहून ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या, आणि बायकांनी त्याआधी अंगणवाडीत होणाऱ्या आपल्या सभेला यायचंय, सही घ्यायला घरी कुणी येणार नाही.