गाभण म्हैस

आषाढात कोल्हापुरात सकाळी माणसं एकमेकांना चहा झाला का विचारण्याआधी 'पाणी कितीवर?' असं विचारतात. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे इथल्या पाचवीतल्या पोरांनाही पाठ असतात. त्या मंगळवारी पंचगंगा अजून इशाऱ्याच्या खाली होती. बापट कॅम्पातल्या कुंभारमामांच्या शेडमध्ये मात्र पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नव्हतं. मामांनी भट्टीच्या तोंडावरची खापरं एकेक करून उचलली, आत पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, पाच गेलीत. बाकीची काढून बघू."

आदल्या दिवशी दुपारीच त्यांचा फोन आला होता. भट्टीला धुरी, म्हणजे सुरुवातीची मंद आच, देऊन तीन तास झाले होते आणि आतून दोनदा आवाज आला होता. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा होता.

मी मुलांबरोबर मातीकाम करते. या वर्षी गंगावेशीजवळच्या एका शाळेनं पाचवीच्या वर्गासाठी दोन शनिवार दिले. मुलं ३८. बेंदूर जवळ आला होता, गल्लोगल्ली मातीचे बैल विकायला बसले होते, म्हणून ठरवलं, प्राण्यांच्या कुंड्या करायच्या. म्हणजे प्राणी पोकळ करायचा आणि त्याच्या पाठीला तोंड ठेवायचं. त्यात झाड लावा, पेन्सिली ठेवा.

करायची रीत सोपी आहे. मोसंबीएवढा गोळा हातात घ्यायचा, मधोमध अंगठा रुतवायचा आणि गोळा फिरवत फिरवत भिंत चिमटीत दाबत जायचं. भिंत पेन्सिलीएवढी जाड राहिली की वाटी झाली. अशा दोन वाट्या. दोन्हींच्या कडा जुन्या टूथब्रशनं खरवडायच्या, त्यावर पातळ चिखल लावायचा आणि एकमेकींवर दाबून सांधा बोटानं लिंपून टाकायचा. खरवडल्याशिवाय नुसतं चिकटवलं तर वाळताना सांधा सुटतोच, हे मी दर वर्गात दहादा सांगते. हातात आता एक पोकळ अंडं येतं. त्याला पाय, डोकं, कान. शेवटी पाठीवर आइस्क्रीमच्या काडीनं गोल कापून तोंड करायचं.

नमुने म्हणून मी चार प्राणी घेऊन गेले होते. हत्ती, कासव, मांजर, बेडूक. ही माझी जुनी सवय, आणि त्या दिवसापासून ती मी सोडली आहे. नमुना टेबलावर ठेवला की मुलांची नजर सारखी टेबलाकडे जाते, हातातल्या गोळ्याकडे कमी.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलानं मात्र टेबलाकडे एकदाही पाहिलं नाही. "म्हस केली तर चालंल का बाई?" एवढंच विचारलं. मी उत्साहानं त्याला म्हशीचं डोकं करून दाखवलं, कानांजवळ शिंगांची छान वेटोळी वळवली. त्यानं ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि परत दिलं.

"ही मुऱ्हा झाली. आमच्यात पंढरपुरी हायत."

त्याच्या आजोबांच्या म्हशी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात, त्यातल्या. धारोष्ण दूध प्यायला मी स्वतः तिथं कितीदा उभी राहिले आहे आणि म्हशींची शिंगं एकदाही पाहिली नाहीत. पंढरपुरी म्हशीची शिंगं लांब, तलवारीसारखी, मानेवरून मागं पार खांद्यापलीकडे जातात. त्यानं मातीच्या दोन लांब वळ्या केल्या आणि मानेवरून मागं नेऊन पाठीला टेकवून लिंपल्या. मी बघत राहिले. कच्च्या मातीत हवेत काढलेलं काहीही, कान असो, सोंड असो, शेपूट असो, आधी मोडतं. म्हणून अवयव अंगाला चिकटवून घ्यायचे, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. त्याच्या शिंगांना आधार मिळाला होता तो केवळ त्याची म्हैस खरी होती म्हणून.

एक गोष्ट मला खटकली. पोट उजवीकडे जास्त फुगलं होतं. मी म्हटलं, "इकडं जरा दाब, दोन्ही बाजू सारख्या कर." तो म्हणाला, "असू दे की बाई." पाठीवर तोंड कापलेलं मी पाहिलं आणि पुढच्या बाकाकडे गेले.

सगळी भांडी ओल्या फडक्याखाली ठेवून आम्ही मधल्या सुट्टीला सोडलं.

यानंतरचा भाग माझ्या चुकीचा आहे. माती वाळायला वेळ लागतो आणि तो पावसाळ्यात दुप्पट लागतो. दहा दिवस भांडी मामांच्या शेडमध्ये फळीवर होती. वाळलं का हे बघायची साधी खूण आहे. भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे आणि ते अजून उडतं आहे. मी बेडूक गालाला लावला, गार लागला. हत्ती लावला, गार. हवाच गार आहे, असं मी स्वतःला समजावलं. मामा म्हणाले, "आणि आठ दिवस थांबूया." पण बेंदराच्या आधी मुलांच्या हातात भांडी द्यायचा शब्द मी दिला होता, आणि पुढं मामांना गणपतींमुळे उसंत मिळणार नव्हती. "लावूया, धुरी जास्त वेळ देऊ," असं मीच म्हटलं. त्यांनी माझा मान राखला. मी त्यांच्या हाताचा राखायला हवा होता.

मंगळवारी हिशेब लागला तो असा. २४ धड, ९ जणांचे कान, पाय किंवा शेपट्या गेलेल्या, ५ पूर्ण फुटलेली. म्हशीचे तर तुकडेही मोठे राहिले नव्हते, आणि शेजारच्या हत्तीचा एक कान तिच्या खापरीनंच उडवलेला दिसत होता. राख झटकत मामांनी त्या हत्तीच्या पाठीतल्या तोंडातून चिमटीनं काहीतरी काढलं. अंगठ्याच्या पेराएवढं, लालभडक भाजलेलं, चार पायांचं. एकही चीर नाही.

"हे कुणाचं ओ?"

मला सांगता येईना. माझ्या यादीत ३८ प्राणी होते आणि हा ३९ वा होता. मी तो खिशात टाकला, फुटकं-धडकं सगळं क्रेटमध्ये भरलं आणि रिक्षानं शाळा गाठली.

वर्गात काय बोलायचं याची जुळवाजुळव मी रिक्षात केली होती, पण क्रेटकडे धावलेली मुलं पाहून त्यातलं काहीच आठवलं नाही. मी सांगितलं, "काही भांडी फुटली आहेत. चूक तुमची नाही, मामांची नाही, माझी आहे. ओली असताना मी भाजायला लावली." वर्ग गप्प झाला. हत्तीवाली मुलगी एकच कान धरून उभी होती. रडणार असं वाटलं, पण ती रडली नाही. इथल्या मुली आपल्याबद्दलही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तशा ठसक्यात ती म्हणाली, "मी तर चांगला वाळवायला ठेवलेलो. माझा का मोडला?"

"तुझा ओलाव्यानं नाही मोडला. शेजारची म्हैस फुटली, तिचा तुकडा लागला."

म्हशीचं नाव निघाल्यावर तो पुढं आला. खापऱ्या चाळायला लागला. शिंगाचा एक तुकडा मिळाला, तो बाजूला ठेवला. पण त्याची बोटं दुसरंच काहीतरी शोधत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी खिशात हात घातला आणि ते पेराएवढं जनावर त्याच्यापुढे धरलं.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो वर्गाकडे वळला आणि ओरडला, "व्याली! म्हस व्याली!"

मग सगळं उलगडलं. मधल्या सुट्टीत त्यानं फडकं बाजूला करून पाठीचं तोंड उघडलं होतं, आत रेडकू ठेवलं होतं आणि वरून मातीचा जाड थर देऊन तोंड बंद केलं होतं. रेडकू आत चिकटू नये म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलं होतं. मी विचारलं, कागद कशाला सुचला? तो माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघत म्हणाला, "वार नको व्हय?" वार म्हणजे पोटात वासराभोवती असतं ते वेष्टण. आणि उजवी कूस? गाभण म्हैस उजवीकडेच फुगते, हे त्यानं सांगितलं. तसंच असतं. म्हशीचं चाऱ्याचं मोठं पोट डाव्या अंगाला असतं, वासराला जागा उजवीकडे मिळते. मी त्याला दोन्ही बाजू सारख्या करायला सांगितलं होतं!

पुढचा तास कुणी ठरवला नव्हता. "रेडी हाय का रेडा?" यावर आधी पाच मिनिटं गेली. मग हत्तीवालीनं विचारलं, "पण फुटली कशानं?" फळ्यावर मी एक भिंत काढली आणि तिच्यात अडकलेला पाण्याचा थेंब. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. भिंत पातळ आणि सुकी असेल तर वाफ बारीक छिद्रांतून निघून जाते. जाड आणि ओली असेल तर वाट सापडत नाही. आत नुसती हवा कोंडली म्हणून भांडं फुटतं असं पुष्कळ जण समजतात, मीही समजत असे, पण फोडतं ते पाणी. म्हशीला तर आत ओला कागद होता, वर जाड थर होता आणि आतली बाजू वाळायला हवाच नव्हती. रेडकू वाचलं कारण ते बारीक होतं.

मुलांना हे ऐकून पटलं नाही, त्यांना तपासायचं होतं. त्यांनी फुटलेल्या खापऱ्या फरशीवर मांडल्या आणि पट्टीनं जाडी मोजायला लागली. जिथं फुटलं तिथं बहुतेक ठिकाणी माती बोटाएवढी जाड निघाली. भरीव पाय, भरीव डोकी. माझ्या चार नमुन्यांचे पायही भरीवच होते, हे मी त्यांना मोकळेपणानं सांगितलं.

एकानं विचारलं, खापऱ्या पाण्यात भिजवून परत माती करता येईल का? नाही येत. एकदा भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही, म्हणून तर ती टिकते. ब्रह्मपुरीची टेकडी या मुलांच्या खेळायच्या टप्प्यात आहे. तिथं १९४५-४६ साली उत्खनन झालं, हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी केलेलं, आणि सातवाहन काळापासूनची भांडी, खापरं, वस्तू निघाल्या. टाउन हॉलच्या संग्रहालयात मुलं सहलीला जातात ती पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती बघायला, तीही ब्रह्मपुरीचीच. मी म्हटलं, तुमच्या या खापऱ्या नदीकाठी पुरल्या तर दोन हजार वर्षांनी कुणाला तरी सापडतील. दोघांना ते खरंच करायचं होतं.

पण कुंभाराकडे फुटक्याचा आणखी एक उपयोग असतो. खापर कुटून, चाळून नव्या मातीत मिसळलं की ती माती कमी आकसते, कमी चिरते आणि वाफेला वाट मिळते. पुढच्या शनिवारी आम्ही ते केलं. शाळेच्या मागच्या पायरीवर वरवंटे घेऊन मुलं कुटत बसली. त्यानं म्हशीच्या खापऱ्या कुटायला दिल्या. रेडकू दिलं नाही. हत्तीवालीला त्यानं स्टीलच्या डब्यातून खरवस आणला होता. म्हैस व्याली की शेजारी खरवस द्यायचा असतो, आणि तिचा हत्ती शेजारीच होता.

नव्या म्हशीच्या वेळी मी एकच अट घातली. पोट बंद करायचं तर वाफेला एक भोक ठेवायचं, कुठंही. त्यानं क्षणभर विचार केला आणि काडीनं शेपटीखाली भोक पाडलं.

या खेपेला आम्ही गणपती होऊन जाईपर्यंत थांबलो. रोज कुणीतरी शेडमध्ये जाऊन भांडी गालाला लावून यायचं. भट्टी मामांनी लावली, त्यांना वाटलं त्या दिवशी. एकही आवाज आला नाही.

म्हैस धड निघाली. हलवली की आत रेडकू खुळखुळतं. वर्गातल्या प्रत्येकाच्या कानाशी नेऊन त्यानं ते ऐकवलं, शेवटी माझ्याही. मी विचारलं, आता कधी व्यायची?

"थांबा की बाई," तो म्हणाला. "अजून दिवस भरायच्यात."