तुम्ही विचारलंत म्हणून : घशात परमा कसा होतो

देवगड, कणकवलीपासून पार वेंगुर्ल्यापर्यंतच्या मुलांचे मेसेज येतात. "दादा, तुम्हाला परमा घशात झाला म्हणे. घशात कसा होईल?" पाठोपाठ दुसरा प्रश्न, "नुसत्या मुक्यानं होतो का?" तुकड्यातुकड्यानं उत्तरं देऊन थकलो, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

परमा म्हणजे गनोरिया, संबंधांतून लागणारा आजार. त्याचे जंतू शरीराच्या आतल्या ओल्या अस्तरावर जगतात. ते अस्तर लघवीच्या नळीत असतं, गुदद्वाराच्या आत असतं, तसंच टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या बाजूलाही असतं. तोंडानं संबंध केला की लिंगाकडून घशात जंतू जातात, आणि घशाकडून लिंगातही. तेल-जेलीऐवजी थुंकी लावली, जीभ गुदद्वाराला लागली, तरी त्यांना वाट मिळते. लघवीच्या नळीत शिरले की बहुधा दोन ते पाच दिवसांत जळजळ आणि पू सुरू होतो. घशात मात्र बहुतेकांना काहीच जाणवत नाही. साधी खवखवसुद्धा नाही.

मीच तुमच्यातल्या कितीजणांना सांगायचो, कंडोम लावा, तोंडाचं काही टेन्शन नाही. ते मी खरं मानून सांगत होतो. पण कुणाला न विचारता सांगत होतो, हेही खरं.

मला झाला त्या वर्षी गौरी-गणपती गेले आणि चौथ्या दिवशी, ज्याच्याशी माझे संबंध होते, त्यानं मला जेटीवर बोलावलं. भुरभुर पाऊस होता. त्यानं खिशातून घडी केलेला रुमाल काढला आणि उलगडून दाखवला. पिवळट, कडेला हिरवट झालेला डाग. "दोन दिवस होतासा. मुतूक गेलंय की आग लागता." माझ्या पोटात गोळा आला. पण मी आदल्याच आठवड्यात मुंबईत तपासणी करून आलो होतो, लघवीची. मोबाईल काढून रिपोर्ट त्याच्यासमोर धरला. निगेटिव्ह. आणि वर म्हणालो, "सणाला मुंबईचे चाकरमानी आले होते ना तुमच्या वाडीत? त्यातलाच कुणीतरी बघ."

तो रिपोर्टकडे बघत राहिला. इंग्रजी त्याला फारसं येत नाही, निगेटिव्ह तेवढं कळलं. "माका तुझ्याशिवाय दुसरो कोण नाय," एवढंच म्हणाला. रुमालाची परत तशीच घडी घातली, अगदी कडेला कड जुळवून, आणि निघून गेला.

जुलैमध्ये मुंबईत मी एकाबरोबर होतो, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आमचं एकमेकांना काही वचन नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. वचन नव्हतं हे खरंच आहे. पण जेटीवर संशय मी त्याच्यावर घेतला.

तो सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या समुपदेशकानं त्याला विचारलं, जोडीदाराचा घसा तपासलाय का? त्यानं मला एका ओळीचा मेसेज टाकला. मी गाडी पकडून मुंबईला गेलो. घशाच्या मागून काडीवर नमुना घेतला. पॉझिटिव्ह. लघवीची तपासणी घशातलं सांगत नाही. जिथे संबंध आला, तिथला नमुना घ्यावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

सेफ्ट्रिॲक्झोनचं इंजेक्शन घेतलं. घशातला परमा घालवायला इतर जागांपेक्षा कठीण, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. मेडिकलमधून गोळ्या आणून घेऊ नका. घशात आपले निरुपद्रवी जंतूही असतात, त्यांच्याकडून परम्याचे जंतू औषधाला दाद न देण्याचे गुण उचलतात. प्रेपची गोळी घेत असाल तर ती एचआयव्ही होऊ नये यासाठी आहे, याला तिचा उपयोग नाही. मिठाच्या गुळण्यांनी जात नाही. ऑस्ट्रेलियात माउथवॉशची रीतसर चाचणी झाली, त्यानंही परमा टळला नाही.

आणि मुका? वर्षानुवर्षं डॉक्टर नाही म्हणत आले. 2019 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. ज्यांनी जास्त जणांचे जीभ घालून मुके घेतले होते, त्यांच्यात घशातला परमा जास्त आढळला, पुढे संबंध झालेला नसला तरी. सगळ्यांनी ते अजून मान्य केलेलं नाही. माझ्या बाबतीत जुलैत मुकाही होता आणि तोंडही होतं, त्यामुळे माझ्या उदाहरणावरून काही ठरवू नका.

आईच्या कपातनं चहा प्यायलात, एका ताटात जेवलात, तर होत नाही. शरीराबाहेर हे जंतू फार टिकत नाहीत. त्या दोन आठवड्यांत मी आईपासून माझा पेला वेगळा ठेवत होतो. तिनं विचारलं नाही, पण तिनं ते बघितलं होतं.

त्याला मी सगळं सांगितलं, जुलैसकट. सहा महिने बोलला नाही. शिमग्याला पालखी नाचवून घामाघूम बाजूला आला, शेजारी उभा राहिला.

"घसो तपासतंस मां?"

"दर तीन महिन्यांनी."

त्यानं मान हलवली आणि परत पालखीकडे गेला. त्यानंतर त्यानं काही विचारलेलं नाही.