आज बीपी १६०/१००
आज परीक्षा विभागात रिव्हॅल्युएशनचे गठ्ठे लावता लावता डोळ्यापुढं अंधारी आली, शिपाईमामांनी धरून खुर्चीत बसवलं, दवाखान्यात बीपी निघालं १६०/१००. दोन जागा रिकाम्या, त्यांचं काम पण माझ्याच टेबलावर, डबा चार वाजता. घरी येऊन बर्नआउटबद्दल वाचलं, डब्ल्यूएचओनं २०१९ ला आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीत, घेतलंय ते, आजार म्हणून नाही, कामाच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. थकवा तर कळत होता, पण कामावरून मन उडणं पण त्यातच येतं. परवा गेवराईहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या लेकरावर मार्कमेमोसाठी खेकसले मी, त्याच्या हातातला घामानं ओला झालेला अर्ज अजून दिसतोय. लई जीव होता हो ह्या कामावर माझा. उद्यापासून आठ दिवस रजा टाकलीय, त्याचा मार्कमेमो मात्र काढून ठेवूनच निघाले.