खुशालीचं पाकीट रांगेत

दूरच्या कार्यालयाकडे जाणारी आमची लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आमच्यासाठी भाड्यानं घेतलेली डेटा लाइन, रात्री पडायची, आणि कधी पडणार हेही ठरलेलं असायचं. डेटाबेसची प्रत पलीकडे जायला लागली की मिनिटभरात लॉगमध्ये ‘लिंक डाउन’ यायचं. थोड्या वेळानं ‘लिंक अप’, की पुन्हा ‘डाउन’. प्रत पोचेपर्यंत असंच चालायचं. दिवसा मात्र तीच लाइन बिनतक्रार चाले. लाइन पुरवणाऱ्यांनी मोडेम बदलला, लूप लावून चाचणी घेतली आणि लाइन स्वच्छ असल्याचं लेखी कळवलं. आमच्याकडे त्यावर कुणाचा विश्वास बसेना. त्या रात्री मी मागे थांबले ती हा वाद एकदाचा संपवायला.

मांडणी साधी होती. लिनक्सच्या मशीनमध्ये सिंक्रोनस सिरियल कार्ड, ई-१ या डिजिटल लाइनमधले ६४ किलोबिटचे ८ टाइमस्लॉट, म्हणजे सेकंदाला ५१२ किलोबिटचा वेग, आणि पलीकडे राउटर. दोघांमध्ये सिस्को एचडीएलसी, म्हणजे पॅकेटं फ्रेममध्ये बांधून लाइनवर पाठवायची पद्धत.

आधी कार्डाचे काउंटर पाहिले. सीआरसीची, म्हणजे फ्रेम वाटेत बिघडली का ते सांगणाऱ्या तपासणीची, एकही चूक नाही, एकही अर्धवट फ्रेम नाही. घड्याळ घसरत असतं किंवा तार खराब असती, तर थोड्या तरी फ्रेम फाटलेल्या दिसायला हव्या होत्या. एकही बिट न बिघडता लाइन पडते कशी? माझ्या दृष्टीनं तपास खरा इथून सुरू झाला.

सिंक्रोनस लाइनवर, म्हणजे एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालणाऱ्या लाइनवर, बिटांचा ओघ कधी थांबत नाही. पाठवायला काही नसलं की चिप ०११११११० हा फ्लॅग पाठवत राहते, आणि डेटात चुकून तोच आकार उमटू नये म्हणून सलग पाच १ आले की पुढे एक ० घुसवते. त्यामुळे घड्याळ चालू आणि कॅरियर (लाइन जोडलेली असल्याची खूण) हजर, एवढ्यावरून पलीकडचा राउटर जिवंत आहे की नाही हे कळत नाही. मधलं मोडेमसुद्धा तेवढं दाखवू शकतं. म्हणून कीपअलाइव्ह लागतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर १० सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवतो, गावाहून खुशाली कळवणाऱ्या पत्रासारखं. त्यात दोन आकडे असतात: माझा चालू क्रमांक, आणि तुझ्याकडून मला शेवटचा मिळालेला क्रमांक. साध्या पॅकेटाला लागतं तेच ४ बाइटचं हेडर यालाही लागतं: एक पत्त्याचा बाइट, एक कंट्रोलचा आणि दोन प्रोटोकॉलचे. आयपी, म्हणजे नेहमीचा नेटवर्कचा डेटा, असेल तर प्रोटोकॉल हेक्समध्ये ०८००, खुशाली असेल तर ८०३५.

लिनक्सचा नियम कडक आहे. पलीकडून परत आलेला आपला क्रमांक अगदी ताजा किंवा त्याच्या एकच मागचा असला, तरच तो खुशाली मानतो. अशी खुशाली २५ सेकंद आली नाही की लिंक डाउन. हा नियम मी ड्रायव्हरच्या कोडमध्ये स्वतः वाचला, आणि बरं झालं वाचला, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उलगडलं.

प्रत सुरू झाल्यावर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम, लावून बसले. पलीकडून येणारी पॅकेटं दर १० सेकंदांनी अचूक येत होती. पण त्यांच्या आतला माझा क्रमांक मागे पडत चालला होता: आधी एकानं, मग दोनानं, मग तीननं. पलीकडचा बोलत होता, पण त्याला माझं जुनंच ऐकू येत होतं. माझी बाजू आणखी विचित्र. टीसीपीडंप बाहेर जाणारं पॅकेट दाखवतो ते रांगेतून सुटल्यावर. तिथे माझी खुशाली १० सेकंदांनी नाही, मनाला येईल तेव्हा बाहेर पडत होती. काही क्रमांक तर दिसलेच नाहीत.

म्हणजे पॅकेटं माझ्याच मशीनमध्ये अडकत होती.

बँडविड्थ वाटून देण्यासाठी इंटरफेसवर एचटीबी, म्हणजे पॅकेटांचे वर्ग करून प्रत्येकाला वेग ठरवून देणारी लिनक्सची सोय, बसवलेलं होतं. महत्त्वाच्या सेवांना वेगळे वर्ग, आणि उरलेलं सगळं डीफॉल्ट वर्गात, ज्याला ६४ किलोबिटची मर्यादा. डेटाबेसची प्रत मुद्दाम त्यातच टाकलेली. वर्गवारीचे फिल्टर सगळे आयपीसाठी लिहिलेले, आणि कीपअलाइव्ह आयपी नसतंच. कर्नलमध्ये त्याला एचडीएलसीचा स्वतःचा प्रोटोकॉल क्रमांक असतो, हेक्समध्ये ००१९. एकाही फिल्टरला ते जुळेना, म्हणून तेही डीफॉल्टमध्ये, प्रतीच्या पाठीमागे. पॅकेटं गळू नयेत म्हणून त्या रांगेची लांबी कधीतरी २०० केलेली होती. १५०० बाइटची २०० पॅकेटं म्हणजे २४ लाख बिट. ६४ किलोबिटनं ती संपायला साडेसदतीस सेकंद. आणि रांग भरलेली असताना आलेली खुशाली सरळ फेकली जात होती.

मग ‘अप-डाउन’चं चक्रही उलगडलं. लिंक पडली की राउटिंग डेमन (मार्ग ठरवणारा प्रोग्रॅम) तो मार्ग काढून टाकी, नवी पॅकेटं यायची थांबत, रांग हळूहळू रिकामी होई, खुशाली पलीकडे पोचे आणि लिंक उठे. उठली की प्रत पुन्हा रांग भरायला मोकळी. शिवाय तुंबलेली फक्त जाणारी दिशा असली तरी पडत दोन्ही टोकं होती, कारण पलीकडे माझी खुशाली वेळेत जात नव्हती आणि माझ्याकडे तिची पोच.

कर्नल लिहिणाऱ्यांनी याचा विचार केलेला होता, हे पाहून मला मनापासून आदर वाटला. कीपअलाइव्ह तयार करतानाच कोड त्याला ‘कंट्रोल’ प्राधान्य लावतो. त्या वेळची नेहमीची तीन पट्ट्यांची रांग ते चिन्ह मानते आणि त्याला पहिल्या पट्टीत बसवते. एचटीबी बसवलं की ते चिन्ह कुणी बघत नाही, सांगावं लागतं. सिस्को एचडीएलसीऐवजी पीपीपी ही दुसरी पद्धत वापरली असती तरी सुटका नव्हती. तिथल्या एलसीपी इकोंची, म्हणजे तिकडच्या खुशालीच्या पॅकेटांची, गतही डीफॉल्ट वर्गात हीच झाली असती.

मी ००१९ साठी एक फिल्टर लिहिला आणि खुशालीला सर्वांत वरच्या प्राधान्याचा छोटासा वर्ग दिला. प्रत चालूच होती. परत येणारे क्रमांक ताजे झाले, लिंक उठली आणि उठलेलीच राहिली. तेवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून फिल्टर काढला. थोड्याच वेळात लिंक पडली. परत लावला, स्थिर झाली. मग डीफॉल्टची रांगही २०० वरून २० वर आणली. वेग ६४ किलोबिटच असल्यामुळे प्रतीला वेळ तेवढाच लागला, पण रांगेतला मुक्काम चार सेकंदांच्या आत आला.

पहाटे लाइनवाल्यांच्या रात्रपाळीच्या इंजिनियरांना फोन केला. “तुमची लाइन चांगली आहे,” म्हटलं, “आणि पहिल्यापासून चांगलीच होती.” ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, “मॅडम, तक्रार बंद करताना कारण काय लिहू?” मी सांगितलं तसं त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतलं: ग्राहकाच्या मशीनमध्ये कीपअलाइव्ह डेटाच्या रांगेत अडकत होतं, लाइनमध्ये दोष नाही.