पंचविसावा अंक

न्यू जर्सीतल्या एका कॉमिक्सच्या दुकानात मी काम करते. नवे अंक बुधवारी विक्रीला येतात, पण आमची खरी धावपळ मंगळवारी. खोकी फोडायची आणि प्रत्येक अंकाची पाठ दिव्याखाली तिरकी धरून बघायची. स्टेपलजवळच्या घडीवर केसाएवढी पांढरी रेघ दिसली की ती प्रत बाजूला. ही रेघ माझ्या नजरेतून सुटत नाही, याचा मला अभिमान आहे. मग नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या खणांत त्यांनी सांगून ठेवलेले अंक लावायचे. बाहेरच्या माणसाला माहीत नसतं ते हे, की न खपलेला अंक सहसा परत जात नाही. ऑर्डर साधारण तीन आठवडे आधी पक्की करावी लागते आणि आकडा चुकला तर तो दुकानाच्याच अंगावर पडतो.

ऑक्टोबर २०२५मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' या, गाड्यांचं रूप घेणाऱ्या रोबोंच्या मालिकेचा २५वा अंक आला. दोन वर्षं ही मालिका डॅनियल वॉरन जॉन्सनने लिहिली. पहिले सहा अंक त्याने स्वतः काढले, पुढचे बहुतेक होर्हे कोरोनाने. २०२४मध्ये तिला आयझ्नर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला. २४व्या अंकाला जॉन्सन थांबला आणि २५व्यापासून रॉबर्ट किर्कमन लेखक, डॅन मोरा चित्रकार.

आमचं एक गिऱ्हाईक आहे, पन्नाशी ओलांडलेलं. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग हा त्यांचा धंदा. १९८४ साली मार्व्हलने ही मालिका सुरू केली तेव्हा ते शाळेत होते. मार्व्हलची मालिका ८० अंकांवर बंद पडली, पुढे आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने १७ वर्षं चालवली, या गृहस्थांनी सगळं वाचलं. सप्टेंबरात ते म्हणाले, "चोविसाव्यानंतर माझा अंक थांबव." मी हो म्हटलं.

आणि थांबवला नाही.

याचं कारण सांगायलाच हवं. साध्या मुखपृष्ठाच्या ५० प्रती मागवल्या की खास मुखपृष्ठाची एक प्रत मागवता येते, आणि ती चढ्या भावाने विकली जाते. त्यांची प्रत वगळली की आम्ही ४९वर येत होतो. जानेवारीत डायमंड हा मोठा वितरक दिवाळखोरीत गेल्यापासून आमचे मालक एकेका डॉलरचा हिशेब धरतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण वाचक मोजण्याऐवजी मुखपृष्ठं मोजायला लावणारी ही पद्धत मला मनापासून चुकीची वाटते. त्या दिवशी मीही तसंच मोजलं.

बुधवारी त्यांच्या खणात तो अंक होता. ते चिडले नाहीत. मीच बोलत सुटले, की किर्कमन काही उपरा नाही, जून २०२३मध्ये 'व्हॉइड रायव्हल्स' या मालिकेतून हे नवं विश्व त्यानेच उघडलं, तिच्या पहिल्याच अंकात जेटफायर हा ट्रान्सफॉर्मर होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि काउंटरशी उभ्या उभ्या पूर्ण अंक वाचला. मग म्हणाले, "पहिला खंड दे जरा."

दोन्ही पानं त्यांनी शेजारी शेजारी उघडली. खंडातल्या जॉन्सनच्या पानावर ऑप्टिमस प्राइम, म्हणजे या रोबोंचा नायक, कुस्तीतल्यासारखा समोरच्याला उचलून आपटत होता. त्यांचं बोट कागदापासून अर्ध्या इंचावर फिरत होतं. ग्रीसच्या हातांची सवय असावी, कागदाला ते बोट लावतच नव्हते.

"धडक बसली की पत्रा नुसता आत जात नाही," ते म्हणाले. "आजूबाजूचाही ओढला जातो, कडेला सुरकुती पडते. ही बघ." जॉन्सनच्या ब्रशचे सुके, फाटके फटकारे मी कितीदा पाहिले होते. ते पत्र्याचे ताण आहेत हे तेव्हा कळलं. मग मोराचं पान. रेषा स्वच्छ, कडा धारदार. "हा फार मोठा चित्रकार आहे. माझी तक्रार नाही. पण याची गाडी शोरूममधून आत्ता बाहेर पडलीय. आणि जॉन्सनची गोष्ट संपली ना? मग माझीही तिथेच संपली."

माझे वडील भोसरीत प्रेसवर काम करायचे. पत्रा कसा ओढला जातो, हे तेही हाताने हवेत असंच दाखवायचे. मला पुढे काही बोलता येईना.

त्यांनी त्या अंकाचे पैसे दिले. मी नको म्हटलं, तरी दिले. जाताना म्हणाले, "या वेळी खरंच काढ हं."

खास मुखपृष्ठाची प्रत त्याच संध्याकाळी एकाने नेली. पिशवी न उघडता तशीच ग्रेडिंगला, म्हणजे प्रतीची अवस्था तपासून गुण देणाऱ्यांकडे, पाठवणार म्हणाला. आतली गोष्ट कुणी लिहिली, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. अशा गिऱ्हाइकांवर दुकान चालतं हे मला कळतं, तरी वाईट वाटतं.

आकडा ५३ असता तर मी त्यांचा अंक थांबवला असता का? त्यांनी नव्या हातांना एक संधी द्यावी म्हणून मी तो ठेवला, असं मी स्वतःला सांगते. ते अर्धंच खरं आहे.

त्याच महिन्यात २६व्या अंकाची ऑर्डर भरताना मी ४९ लिहिले. मालकांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक वाढव, शेल्फवर खपेल."

मी नाही वाढवला.